खार जमिनीतील झाडे आणि मुळांतील मायकोरायझा बुरशी: उपयोग कोणता आणि मर्यादा कोणत्या?

प्रश्न: खारकाठ (तालुका पेण, रायगड)

सर्वांना नमस्कार. आमची खाडीलगत थोडी खार जमीन आहे. काही वर्षांपूर्वी उधाणाच्या भरतीत बाहेरकाठ्याला (खाडीकडच्या बांधाला) खांड गेली, म्हणजे भगदाड पडले, आणि खारे पाणी शेतात शिरले. बांध पुन्हा घातला, उघाडीची (पावसाचे पाणी बाहेर सोडणाऱ्या आणि भरतीचे पाणी अडवणाऱ्या वाटेची) दारेही बदलली, परंतु भाताचे उत्पन्न पूर्वीसारखे येत नाही. त्यामुळे शेताच्या उंच अंगाला, जिथे पावसाचे पाणी फार काळ साचून राहत नाही, तिथे करंज, उंडी, हादगा, चिकू आणि नारळ लावावेत असे आम्ही ठरवले आहे.

अडचण अशी आहे की पावसाळ्यात लावलेली रोपे दिवाळीपर्यंत उत्तम दिसतात, पण पौष-माघात जमीन वाळून वर पांढुरका थर दिसू लागला की जुन्या पानांच्या कडा करपायला लागतात. करंज तग धरतात, चिकू मात्र बहुतेक जातात. मे महिन्यात मातीची तपासणी करून घेतली. अहवालात सामू (पीएच) ७.९ आणि विद्युतवाहकता (मातीतील क्षारांचे माप) २.६ डेसिसायमन प्रति मीटर अशी नोंद आहे. याच जमिनीला लागून असलेल्या जुन्या बांधावर करंज आणि पारोसा पिंपळाची मोठी झाडे मात्र वर्षानुवर्षे हिरवीगार उभी आहेत.

कृषी सेवा केंद्रात व्हॅमची, म्हणजे मायकोरायझा बुरशीची, पावडर घेण्याचा सल्ला मिळाला. मुळांवर वाढणारी ही बुरशी झाडाला क्षार सोसण्याची ताकद देते, असे सांगण्यात आले. ही बुरशी नेमके काय करते? ती जमिनीतले मीठ शोषून घेते का? आमच्यासारख्या जमिनीत ती स्वतः जगते का? आणि विकतची पावडर घ्यावी की बांधावरच्या झाडांखालची माती वापरावी? जाणकारांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.

उत्तर: निवृत्त अध्यापक, वनस्पतिशास्त्र (कोल्हापूर)

नमस्कार. मीठ झाडाचे काय बिघडवते हे आधी पाहिले पाहिजे, कारण बुरशीची मदत त्या त्या ठिकाणीच होते.

पहिला त्रास पाण्याचा असतो. मातीतल्या पाण्यात क्षार विरघळलेले असले की ते पाणी ओढून घेणे मुळांना जड जाते आणि माती ओलसर असतानाही झाड तहानलेले राहते. दुसरा त्रास सावकाश वाढत जातो. पाण्याबरोबर सोडियम आणि क्लोराइड पानांपर्यंत पोहोचतात, पाणी बाष्परूपाने निघून जाते आणि मीठ पानातच राहते. जे पान जास्त दिवस झाडावर आहे त्यात ते जास्त साठते, आणि प्रवाहाचे शेवटचे टोक म्हणजे पानाची कडा असल्यामुळे करपण्याची सुरुवात तिथून होते. आपण केलेले जुन्या पानांच्या कडांचे वर्णन याच्याशी तंतोतंत जुळते. पेशीच्या आत पन्नासहून अधिक विकरांना (एन्झाइमना) काम करण्यासाठी पोटॅशियम लागते, प्रथिने तयार होण्यासाठीही ते लागते. सोडियम पोटॅशियमची जागा अडवतो, पण त्याचे काम करू शकत नाही. म्हणून पानात सोडियम किती आहे यापेक्षा पोटॅशियमच्या तुलनेत तो किती आहे, हे अधिक निर्णायक ठरते.

आता बुरशीकडे वळतो. करंज, हादगा, चिकू, नारळ, आंबा, बाभूळ या सर्वांच्या मुळांत आर्बस्क्युलर मायकोरायझा या प्रकारची बुरशी राहते. स्कॉटलंडमधील ऱ्हायनी येथील सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांतही ही जोडी सापडते, म्हणजे झाडांना खरी मुळे येण्याच्या सुमारासच हे सहजीवन सुरू झालेले होते. बुरशीचे तंतू मुळाच्या सालीतील पेशींमध्ये शिरून तिथे झुडपासारख्या बारीक फांद्या तयार करतात. या फांद्यांवरच देवाणघेवाण होते: झाड साखर आणि स्निग्ध पदार्थ देते, बुरशी मातीतून आणलेला स्फुरद (फॉस्फरस), जस्त, तांबे आणि काही प्रमाणात नत्र देते. हे तंतू काही मायक्रोमीटर जाडीचे असतात. मुळालगतच्या मिलिमीटर-दोन मिलिमीटर पट्ट्यातला स्फुरद मूळ लवकरच संपवते. तंतू मात्र तो पट्टा ओलांडून कित्येक सेंटिमीटर पुढे जातात आणि मुळाला शिरता येणार नाही अशा मातीच्या फटींतही पोहोचतात. खार जमिनीत याचे महत्त्व दुप्पट आहे, कारण तिथे एकीकडे स्फुरद कॅल्शियमबरोबर बांधला जाऊन अविद्राव्य होतो आणि दुसरीकडे क्षारांमुळे मुळांची वाढच खुंटते.

या विषयावरील एक भारतीय प्रयोग मला विशेष बोलका वाटतो. दिल्ली विद्यापीठातील गिरी, कपूर आणि मुखर्जी यांनी तो २००७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी बाभळीची रोपे ग्लोमस फॅसिक्युलेटम ही बुरशी देऊन आणि न देता, १.२, ४.०, ६.५ आणि ९.५ डेसिसायमन प्रति मीटर अशा चार क्षारतांच्या मातीत कुंड्यांमध्ये वाढवली. चारही पातळ्यांवर बुरशी असलेल्या रोपांची मुळे आणि शेंडे अधिक वजनदार भरले, आणि त्यांच्यात स्फुरद, जस्त व तांबे अधिक आढळले. याहून महत्त्वाची बाब सोडियमची आहे. कमी क्षारतेत, म्हणजे १.२ आणि ४.० वर, बुरशी असलेल्या रोपांमध्ये सोडियम उलट जास्त होता, परंतु क्षारता ६.५ आणि ९.५ वर गेल्यावर त्यांच्यातील सोडियम घटला, तर बुरशी नसलेल्या रोपांत तो वाढत गेला. पोटॅशियम मात्र सर्व पातळ्यांवर बुरशी असलेल्या रोपांतच अधिक होता, आणि क्षारता वाढत गेली तसतसे शेंड्यात जाणारे त्याचे प्रमाणही वाढले. म्हणजे ही बुरशी सोडियमला सरसकट अडवणारी भिंत नव्हे. क्षारांचा ताण वाढल्यावर पोटॅशियम आणि सोडियम यांचे गुणोत्तर झाडाच्या बाजूने राखण्यात तिचा हात असतो. याच चमूतील गिरी आणि मुखर्जी यांनी २००४ मध्ये हादगा आणि शेवरी या झाडांवर खारवट जमिनीत प्रत्यक्ष शेतात केलेले काम प्रसिद्ध केले. त्यात बुरशी दिलेल्या झाडांमध्ये सोडियम कमी, मॅग्नेशियम अधिक आणि पानांतले हरितद्रव्यही अधिक आढळले. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियम असते, हे लक्षात घेतले की या दोन निष्कर्षांचा संबंध उघड होतो.

बुरशी मीठ शोषून घेते का, हा आपला प्रश्न. जमीन गोडी व्हावी इतके मीठ ती मुळीच शोषत नाही. तिचे तंतू पोटॅशियम आणि कॅल्शियम निवडून घेतात आणि सोडियम शक्यतो टाळतात. जो सोडियम आत येतो त्याचा काही भाग मुळातल्या तंतूंमध्ये आणि फुगीर पिशव्यांमध्ये अडकून राहतो आणि तेवढा पानांपर्यंत जात नाही. शेतातले मीठ मात्र होते तिथेच असते. ते धुऊन काढणे हे पावसाचे आणि निचऱ्याचेच काम आहे.

पाण्याच्या बाबतीतही मदत होते. मायकोरायझा असलेल्या मुळांत पेशींच्या पडद्यांवरील पाणी वाहून नेणाऱ्या प्रथिनांचे प्रमाण आणि काम बदलते, पानांत विद्राव्य शर्करा अधिक साठतात आणि पर्णरंध्रे जास्त वेळ उघडी राहू शकतात. ताणात झाडात साठणाऱ्या प्रोलिन या द्रव्याविषयी बरेच लिहिले जाते, परंतु ते वाढते की घटते याबाबत निरनिराळ्या प्रयोगांचे निष्कर्ष परस्परविरोधी असल्याने मी त्यावर भर देत नाही.

उत्तर: रोपवाटिका चालक (दापोली)

सरांनी शास्त्र सांगितलेच आहे, मी फक्त करण्याच्या गोष्टी लिहितो.

कोकणच्या खार जमिनीत वेळ साधणे ही सर्वांत मोठी गोष्ट आहे. आपल्याकडे चार महिन्यांत अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्या काळात वरच्या थरातले क्षार बरेचसे धुऊन जातात. पाऊस थांबला की खालचे खारे पाणी केशाकर्षणाने वर येऊ लागते, ते वाळते आणि पांढरा थर दिसतो. बुरशीचे बीजाणू क्षार कमी असतानाच चांगले रुजतात. जास्त क्षारांत त्यांचे रुजणे आणि तंतूंची वाढ दोन्ही मंदावतात, मात्र एकदा मुळात नीट बसलेली बुरशी बऱ्यापैकी टिकते. म्हणून लागवडीच्या खड्ड्यात पावडर टाकण्यावर समाधान मानू नये. रोप पिशवीत असतानाच बुरशी मुळात बसलेली असली पाहिजे, म्हणजे माघात क्षार चढतील तेव्हा झाड एकटे नसेल.

यासाठी बांधावरच्या करंज आणि पारोसा पिंपळाचा उपयोग करावा. पाऊस संपल्यावर, साधारण कार्तिकात, खोडापासून हातभर-दोन हात अंतरावर वरची पालापाचोळ्याची माती बाजूला करून वीतभर खोलीवरची, बारीक तंतुमुळे असलेली माती घ्यावी. निरोगी झाडाखालचीच घ्यावी, मुळांवर गाठी असलेली किंवा मर लागलेल्या झाडाखालची घेऊ नये, कारण बुरशीबरोबर सूत्रकृमी आणि रोगही घरी येतात. ही माती नदीच्या धुतलेल्या, उकळून किंवा वाफवून निर्जंतुक केलेल्या वाळूत मिसळून कुंड्या भराव्यात आणि त्यांत मका, ज्वारी किंवा बाजरी दाट पेरावी. या पिकांची मुळे भरपूर आणि बारीक असल्यामुळे त्यांच्यावर बुरशी जोमाने वाढते. तीनएक महिने पीक वाढू द्यावे, मग पाणी तोडावे. पाणी तोडल्यावर बुरशी बीजाणू धरते. पंधरवड्याने ताटे जमिनीलगत कापून टाकावीत आणि कुंडीतली वाळू, माती व बारीक चिरलेली मुळे सावलीत वाळवून एकत्र करावीत. हेच आपले विरजण.

माघ-फाल्गुनात पिशव्या भरताना मूठभर विरजणाचा थर बियांच्या दोन बोटे खाली द्यावा, म्हणजे पहिले मूळ त्यातूनच खाली उतरेल. वरून शिंपडलेल्या पावडरीचा उपयोग फार कमी होतो, कारण बुरशीची आणि मुळाची प्रत्यक्ष गाठ पडावी लागते. चिकूचे कलम खिरणीच्या खुंटावर बांधलेले असते, त्यामुळे तिथे खुंटाच्या मुळांना विरजण लावावे लागते. कलम मोठ्या पिशवीत हलवताना मुळांभोवती ते भरणे सोपे जाते. नारळाला रोपवाटिकेच्या वाफ्यात नारळाखाली देता येते.

दोन गोष्टी टाळाव्यात. पिशवीच्या मातीत सुपर फॉस्फेट भरपूर घातले तर झाडाला बुरशीची गरज उरत नाही आणि मुळांत तिची वाढ आक्रसते. तसेच मर रोगाच्या भीतीने कार्बेन्डाझिमची आळवणी केली तर आपण घातलेली बुरशीही त्यात मार खाते. अनेक रोपवाटिकांत या दोन्ही गोष्टी सवयीने केल्या जातात आणि मग व्हॅमचा गुण येत नाही अशी तक्रार होते.

विकतची पावडर घ्यायचीच असेल तर खत नियंत्रण आदेशानुसार मायकोरायझा जैवखतात प्रत्येक ग्रॅममध्ये किमान १०० जिवंत प्रजननघटक असणे बंधनकारक आहे. पिशवीवर ती नोंद, उत्पादनाची तारीख आणि मुदत पाहावी, आणि उन्हात ठेवलेला माल घेऊ नये.

उत्तर: मृदाशास्त्राचा अभ्यासक (सांगली)

वरील दोन्ही उत्तरे मोलाची आहेत, परंतु आपल्या माती अहवालाकडे अजून कोणी पाहिलेले दिसत नाही, आणि निर्णय त्यावरच अवलंबून आहे.

आपल्याकडील बहुतेक प्रयोगशाळा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी असे मिश्रण करून विद्युतवाहकता मोजतात. सरांनी सांगितलेल्या प्रयोगातील आकड्यांशी आणि पुस्तकांतील मर्यादांशी तुलना करायची असेल तर संपृक्त मातीच्या अर्काची विद्युतवाहकता धरावी लागते, आणि त्या मोजणीत पाणी फार कमी असते. भारी चिकण माती संपृक्त व्हायला शंभर ग्रॅमला साधारण साठ ते ऐंशी ग्रॅम पाणी लागते, आपल्या प्रयोगशाळेने मात्र अडीचशे ग्रॅम वापरले. तेवढेच मीठ अधिक पाण्यात विरघळल्यामुळे वाचन कमी आले. या हिशेबाने आपल्या २.६ चे रूपांतर केले तर खरी क्षारता साधारण ८ ते ११ च्या दरम्यान येते. जमीन खारवट मानण्याची सीमा ४ आहे. बाभळीच्या प्रयोगात ९.५ वर मुळांतील बुरशीचे प्रमाणच घटले होते, हेही विसरता कामा नये. आपली जमीन मे महिन्यात नेमकी त्या पातळीवर आहे.

यावरून निराश होऊ नये. मे हा वर्षातला सर्वांत वाईट काळ असतो. याच जागेची माती ऑक्टोबरच्या सुरुवातीला पुन्हा तपासून घ्यावी, आणि दोन्ही वेळा वीतभर व हातभर अशा दोन खोलींचे नमुने वेगवेगळे द्यावेत. दोन्ही अहवालांतील फरकावरून पाऊस किती मीठ धुऊन नेतो आणि उन्हाळ्यात किती परत चढते, हे कळेल. दापोलीकरांनी सांगितलेल्या वेळेच्या गणिताला त्यामुळे आकड्यांचा आधार मिळेल.

त्याच वेळी विनिमययोग्य (मातीच्या कणांना चिकटलेल्या) सोडियमचे शेकडा प्रमाणही मोजून घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियमच्या सुमारे २६ पट सोडियम असतो. पावसाने विद्राव्य मीठ धुऊन गेले तरी मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम मागे राहतो, आणि मग चिकणमातीचे कण विखरून जमीन पावसात चिखल आणि उन्हात दगड होते. हे प्रमाण १५ च्या वर असेल तर शेणखताबरोबर जिप्सम घालणे आवश्यक ठरते. बुरशीचे तंतू मातीचे कण बांधून जमीन भुसभुशीत ठेवायला मदत करतात हे खरे आहे, परंतु ज्या जमिनीत हवाच खेळत नाही तिथे ती बुरशीही नीट वाढत नाही, कारण तिला प्राणवायू लागतो. पाणी साचणाऱ्या खोलगट भागात म्हणूनच तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये.

आमच्या भागात कृष्णा आणि वारणेच्या काठी उसाला वर्षानुवर्षे बेसुमार पाणी दिल्याने जमिनी क्षारपड झाल्या. देशात अशा क्षारग्रस्त जमिनींचे क्षेत्र सुमारे ६७ लाख हेक्टर आणि महाराष्ट्रात सुमारे ६ लाख हेक्टर मानले जाते. आमच्याकडे जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचरा केल्याशिवाय कोणतेही जैवखत उपयोगी पडत नाही, हे मी अनेक शेतांत पाहिले आहे. आपल्याकडे उघाडी चालू आहे, पावसाचे प्रमाण मोठे आहे आणि आपण उंच अंग निवडले आहे, या तिन्ही गोष्टी अनुकूल आहेत. लागवड उंच वरंब्यावर करावी, मात्र रोप वरंब्याच्या माथ्यावर न लावता उतारावर लावावे, कारण बाष्पीभवनाबरोबर मीठ माथ्याकडे सरकते. दिवाळीनंतर बुंध्याभोवती पेंढ्याचे जाड आच्छादन द्यावे. बाष्पीभवन जितके कमी, तितके मीठ कमी वर येईल.

एका मुद्द्यावर मी दापोलीकरांशी पूर्णपणे सहमत नाही. खार जमिनीतून घेतलेली बुरशी नेहमीच सरस ठरते असे सर्व प्रयोगांत दिसलेले नाही, काही वेळा गोड्या मातीतील बुरशीनेही तितकेच काम केले आहे. तरीही बांधावरच्या झाडांखालची माती फुकट आहे, ती तिथल्या हवामानाला सरावलेली आहे आणि तिच्यात एकाऐवजी अनेक जाती एकत्र असण्याची शक्यता मोठी आहे, त्यामुळे सुरुवात तिच्यापासून करण्यास माझी हरकत नाही.

उत्तर: वनशास्त्राचा विद्यार्थी (एडमंटन, कॅनडा)

मूळ गाव अलिबागजवळचे असल्यामुळे हा प्रश्न आवर्जून वाचला. इथे आल्बर्टामध्ये तेलवाळूच्या खाणींनंतर उरणारा गाळ खारा असतो आणि त्यावर पुन्हा जंगल उभे करायचे असते, त्यामुळे या विषयावर आल्बर्टा विद्यापीठात बरेच काम झाले आहे. व्हाइट स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाच्या रोपांवर हेबेलोमा क्रस्टुलिनिफॉर्मे ही बुरशी वसवली असता मुळांची पाणी वाहण्याची क्षमता वाढली आणि शेंड्यात जाणारा सोडियम कमी झाला, असे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात नोंदवले आहे.

हे सांगण्यामागे एक व्यवहाराची सूचना आहे. स्प्रूस, पाइन, ओक यांच्या मुळांवरची ही बुरशी वेगळ्या गटातली आहे. ती पेशींच्या आत शिरत नाही, बारीक मुळांवर बाहेरून आवरण घालते. जपानच्या किनाऱ्यावरील काळ्या पाइनच्या वनांत सेनोकोकम जिओफिलम ही या गटातली बुरशी मोठ्या प्रमाणावर आढळते. त्या वनांवर मिठाचा मारा किती जबर होऊ शकतो हे २०११ च्या त्सुनामीत दिसले. रिकुझेनताकाता येथील सुमारे ७०,००० पाइन वृक्षांपैकी एकच उभा राहिला, आणि तोही समुद्राच्या पाण्याने मुळे कुजल्यामुळे पुढच्याच वर्षी मृत घोषित करावा लागला. सहजीवी बुरशी असूनही एका मर्यादेपलीकडे झाड वाचत नाही, हे यातून स्पष्ट होते. सांगलीकरांनी निचऱ्याला जे पहिले स्थान दिले आहे ते मला पूर्ण पटते.

बाजारात काही मायकोरायझा उत्पादनांत पाइन आणि निलगिरीवर वसणारी पिसोलिथस ही बुरशी मिसळलेली असते. करंज, चिकू, नारळ किंवा हादगा यांच्या मुळांवर तिचा काहीच उपयोग नाही, तेव्हा त्यासाठी जादा पैसे देऊ नयेत. कोकणपट्टीवर सुरूची लागवड असते, त्याच्या मुळांत आर्बस्क्युलर बुरशीखेरीज हवेतील नत्र बांधणारे फ्रँकिया हे जिवाणू गाठी करून राहतात. वाऱ्याच्या बाजूला आडोसा म्हणून सुरूची एक रांग लावायची असेल तर जुन्या सुरूच्या बनातली थोडी मातीही रोपवाटिकेत वापरावी.

प्रश्नकर्त्याचे उत्तर: खारकाठ

सर्वांचे मनापासून आभार. अहवालातील आकड्याचा अर्थ इतका वेगळा निघेल याची कल्पना नव्हती. ऑक्टोबरमध्ये दोन खोलींचे नमुने देतो आणि सोडियमची तपासणीही करून घेतो. कार्तिकात मक्याच्या कुंड्या भरण्याचे ठरवले आहे. आता एकच शंका उरते. रोपांच्या मुळांत बुरशी खरोखर बसली आहे की नाही हे शेतात लावण्याआधी कसे ओळखावे? नुसत्या डोळ्यांनी ती दिसत नाही, असे वाचले. आणि खाडीतल्या तिवरांच्या मुळांतही अशी बुरशी असते का? असल्यास तिथली माती घेणे अधिक योग्य ठरेल का?

उत्तर: निवृत्त अध्यापक, वनस्पतिशास्त्र (कोल्हापूर)

तिवरांबद्दल आधी लिहितो. गोवा विद्यापीठातील अभ्यासकांनी गोव्याच्या कांदळवनांतील झाडांच्या मुळांत आर्बस्क्युलर बुरशी असल्याचे दाखवले आहे, सुंदरबनातही ती आढळली आहे. परंतु तिवर मिठाशी मुख्यतः स्वतःच्या शरीररचनेच्या बळावर झुंजते. ते मुळांतच बरेचसे मीठ गाळून ठेवते आणि आत आलेले मीठ पानांवरील ग्रंथींतून बाहेर टाकते. खाऱ्या दलदलीतल्या मोराससारख्या झुडपांत तर ही बुरशी बहुतेक वेळा नसतेच किंवा अगदी नाममात्र असते. शिवाय कांदळवनातील माती उचलणे कायद्याने अडचणीचे आहे. आपल्या करंजाला त्या मातीची गरज नाही, बांधावरचा करंजच त्याच्यासाठी योग्य दाता आहे.

आता मुळांच्या तपासणीविषयी. करंजाची बारीक, पांढरट, दोऱ्यासारखी मुळे धुऊन सेंटिमीटरभर लांबीचे तुकडे करतात. ते १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये गरम करतात, म्हणजे पेशींतील रंगीत द्रव्ये निघून जाऊन मूळ काचेसारखे पारदर्शक होते. मग ते धुऊन, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लातून काढून ट्रिपान ब्लू या रंगात ठेवतात. फिलिप्स आणि हेमन यांनी १९७० मध्ये सांगितलेली ही पद्धत आजही थोड्याफार फरकाने सर्वत्र वापरली जाते. सूक्ष्मदर्शकाखाली मुळाच्या फिकट पेशींमधून निळे तंतू लांबीच्या दिशेने धावताना दिसतात, मध्येच लंबगोल निळ्या पिशव्या लागतात, आणि नशिबाने कोवळे मूळ मिळाले तर एखाद्या पेशीत बारीक फांद्यांचे निळसर झुडूप अगदी स्पष्ट दिसते. तंतूंना आडवे पडदे जवळजवळ नसतात. पडदे असलेले तंतू दिसले तर ती दुसरी कोणती तरी बुरशी समजावी.

हे काम घरी करू नये, ही रसायने त्वचेला आणि डोळ्यांना घातक आहेत. जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र विभागात पदव्युत्तर विद्यार्थी ही तपासणी नेहमी करतात. मुळे निम्म्या पाण्यात मिसळलेल्या अल्कोहोलमध्ये बुडवून बाटलीत नेली तर खराब होत नाहीत. शंभर तुकड्यांपैकी निदान पन्नासांत निळे तंतू दिसले तर रोपे लागवडीस तयार आहेत असे मी मानेन.

पिशव्या भरताना काही रोपे मुद्दाम विरजणाशिवाय ठेवावीत, बाकी माती, पाणी आणि खत अगदी सारखे द्यावे, आणि शेतात दोन्ही प्रकारची रोपे एकाच वरंब्यावर आलटूनपालटून लावून प्रत्येकाला खूण करावी. माघात पानांच्या कडा करपू लागतील तेव्हा दोन्ही प्रकारच्या झाडांची सारख्याच वयाची पाने काढून त्यांतील सोडियम आणि पोटॅशियम मोजून घ्यावे. पान-देठ परीक्षण करणाऱ्या प्रयोगशाळा ज्वालाप्रकाशमापकावर (फ्लेम फोटोमीटर) हे मोजून देतात. त्या वेळचे आकडे आणि ऑक्टोबरचा माती अहवाल इथे अवश्य टाकावा, म्हणजे चिकूसाठी तुमची जमीन योग्य आहे की करंज आणि उंडीवरच थांबावे, हे आपल्याला मिळून ठरवता येईल.